पोस्टमध्ये बघू

फॅशनच्या शूटवर दिवसातून वीसेक वेळा ऐकू येणारं एक वाक्य आहे: ‘पोस्टमध्ये बघू.’ ब्लाउज बगलेत चुरगळलाय? पोस्टमध्ये बघू. मागच्या कागदाला सुरकुती पडलीय? पोस्टमध्ये बघू. मॉडेलची झोप झालेली नाही, साडी आहे त्याहून निळी दिसतेय, इस्त्रीवाला आलाच नाही – पोस्टमध्ये बघू. पोस्ट म्हणजे मी. अंधेरीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, पडदे ओढलेल्या खोलीत, राखाडी भिंतीसमोर बसून गेली सतरा वर्षं मी हे बघते आहे. (भिंत राखाडी असण्यात सौंदर्यदृष्टी वगैरे काही नाही. भिंत रंगीत असली की डोळा तिला सरावतो आणि स्क्रीनवरचे रंग चुकीचे वाटायला लागतात.)

धंदाच हा असल्यामुळे लोक मला एका ठरावीक वादात ओढतात. एकीकडे ‘खरा फोटोग्राफर सगळं कॅमेऱ्यातच करतो’ म्हणणारे, दुसरीकडे ‘कॅमेरा फक्त कच्चा माल गोळा करतो’ म्हणणारे. मी दुसऱ्या कंपूत असणार असं सगळे धरूनच चालतात. मी तिथे नाही. पण पहिला कंपू ज्या इतिहासाच्या जोरावर बोलतो, तो इतिहासही तसा घडलेला नाही. ‘आमच्या वेळी फिल्म होती, जे आलं ते आलं’ असं कोणी म्हणालं की मला गिरगावातले एक काका आठवतात. त्यांची उभी हयात एका फोटो स्टुडिओत गेली होती. मी त्यांना भेटले तेव्हा त्यांनी काम सोडून वीस वर्षं झाली होती. पण बोटांना सवय होती. बोलता बोलता टेबलावर नखाने बारीक स्वल्पविरामांसारख्या रेघा मारत राहायचे.

ते करायचे ते निगेटिव्हवरचं रिटचिंग. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. डोळ्याखालचं काळं वर्तुळ तिथे पारदर्शक दिसतं. त्या जागी पेन्सिलीचं ग्रॅफाइट भरलं की प्रकाश अडतो आणि प्रिंटवर ती जागा उजळते. निगेटिव्ह गुळगुळीत, त्यावर पेन्सिल घसरते, म्हणून आधी एक द्रावण चोळून पकड आणायची. मग मागून उजेड येणारं उतरतं डेस्क, डोळ्यासमोर भिंग आणि सुईसारखं लांब टोक काढलेली पेन्सिल. काकांच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. पेन्सिलीने माणूस फक्त गोरा होतो. एखादी जागा गडद करायची असेल तर निगेटिव्हवरचा थर पात्याने खरवडावा लागतो आणि तिथे हात चुकला की निगेटिव्ह गेली. पेन्सिल मात्र पुसता येते. म्हणजे उजळवणं सोपं, बिनधोक. गडद करणं अवघड आणि जोखमीचं. स्थळांना पाठवायला मुलीचा फोटो काढून घेणाऱ्या किती घरांच्या हे पथ्यावर पडलं असेल कोण जाणे.

तेच काम तिकडे हॉलिवूडमध्ये जोरात चाललं होतं. जॉर्ज हरेलने काढलेली जोन क्रॉफर्डची पोर्ट्रेट्स बघा. प्रत्यक्षात तिचा चेहरा बारीक तपकिरी ठिपक्यांनी भरलेला होता; छापून आलेल्या फोटोंत तो संगमरवरी आहे. अमेरिकन ‘व्होग’च्या जानेवारी १९५०च्या मुखपृष्ठावर अर्विन ब्लुमेनफेल्डने जीन पॅचेट या मॉडेलचा एक डोळा, ओठ आणि तीळ एवढंच ठेवलं. नाक, गालाची कड, सगळं पुसून टाकलं. फोटोशॉप बाजारात यायला त्यानंतर चाळीस वर्षं होती. पुढे पास्कल डँजँ नावाचा रिटचर या धंद्यातला दादा झाला. ‘व्होग’च्या मार्च २००८च्या एका अंकात जाहिराती धरून १४४ प्रतिमांवर त्याचा हात फिरला होता, असं ‘न्यूयॉर्कर’ने तेव्हा छापलं होतं.

आणि कॅमेरा तरी कुठे सोवळा आहे? लेन्स कमरेच्या खाली ठेवून वर रोखली की पाय लांब होतात. ड्रेस अंगासरशी बसलेला दिसतो, कारण पाठीमागे सहा-सात क्लिपा लावलेल्या असतात. मॉडेलने पाठ फिरवली तर ती वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसेल. फिल्मसुद्धा निष्पक्ष नव्हती. कोडॅकची रंग जुळवायची कार्डं असायची, ‘शर्ली कार्ड’. त्यावर कितीतरी वर्षं गोऱ्या बाईचाच फोटो होता आणि सगळ्या जगाच्या प्रिंट्स त्या बाईच्या कातडीवर जुळवल्या जायच्या. गडद तपकिरी छटा नीट उतरत नाहीत अशी तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी केली, तेव्हा कुठे सुधारणेला जोर आला.

तेव्हा कॅमेरा खरा आणि रिटचिंग खोटं, ही मांडणी माझ्या उपयोगाची नाही. तरीही मी पहिल्या कंपूकडे झुकते, आणि त्याचं कारण पैठणी आहे.

पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाँव येते. साडी समोरून मोरपिशी, जरा कलली की जांभळी. या साडीला ‘खरा रंग’ असा एक नाहीच; दोन रंगांमधलं ते येणं-जाणं म्हणजेच तिचा रंग. फोटो मात्र एका कोनातून, एका क्षणी निघतो. समोरून सपाट लाइट मारला तर दोन्ही रंग मिसळून एक मळकट तिसराच रंग येतो. तो माझ्याकडे येतो, सोबत कापडाचा तुकडा येतो आणि सांगितलं जातं, मॅच करा. मॅच कशाशी करू? तुकडा हातात फिरवला की तोच बदलतो. मी मोरपिशी करू शकते, जांभळी करू शकते, मास्क लावून काही निऱ्या अशा आणि काही तशा रंगवू शकते. पण कुठल्या वळणावर रंग कसा पालटतो हे कापडाला माहीत असतं, मला नाही, आणि ज्या बाईकडे तशी पैठणी आहे तिला ते नकली पाच सेकंदांत कळतं.

जरीचं तर याहून कठीण. जर आरशासारखी असते, समोर जे असेल ते दाखवते. समोर काळोख असेल तर ती तपकिरी, मेलेली दिसते. तिच्यासमोर योग्य कोनात मोठा पांढरा पृष्ठभाग धरला की सोनं होते. आमच्याकडे एक फोटोग्राफर आहेत, साठीच्या पुढचे. ते थर्माकोलची एक भली मोठी पांढरी शीट घेऊन पदराभोवती पूजेला बसल्यासारखे फिरतात. अर्धा तास जातो. तरुण असिस्टंट घड्याळाकडे बघतात. पण त्यांची फाइल उघडली की मला काम उरत नाही. धूळ काढायची आणि चहा प्यायचा. हेच काम मी माऊसने करायला बसले तर दोन दिवस लागतात आणि होते ती पिवळ्या रंगाची पट्टी, जर नव्हे.

असे अर्धे तास आता कोणाला परवडत नाहीत. ऑनलाइन विक्रीच्या शूटला दिवसाला साठ-सत्तर साड्या होतात. लाइट सकाळी एकदा लावायचा, तोही मुद्दाम सपाट, म्हणजे सगळ्या फाइल्स सारख्या येतील आणि पुढची कामं घाऊक उरकतील. यात फोटोग्राफरला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला नगावर पैसे मिळतात. पण लाइट लावणं म्हणजे समोरच्या माणसाबद्दल, कापडाबद्दल काहीतरी ठरवणं. ते तिथे ठरवलं नाही तर ते ठरवायचं राहतंच असं नाही. फक्त जागा बदलते. ते माझ्या खोलीत येऊन पडतं, आणि माझ्या खोलीत मॉडेल नसते.

माझं या वादातलं म्हणणं काय ते इथे आहे. गौतम राजाध्यक्षांनी काढलेली नट-नट्यांची पोर्ट्रेट्स मी शाळेत असताना मासिकांतून कापून ठेवायची. ती काही वास्तववादी नव्हेत. माणूस असतो त्याहून देखणा दाखवायचा, हे त्यात उघड आहे. पण तो देखणेपणा माणूस समोर असताना घडलेला आहे. ‘हनुवटी जरा खाली’ म्हटलं की समोरची बाई हनुवटी खाली करते किंवा करत नाही. लाइट डोळ्यांत जातोय म्हणून कुरकुरते. मेकअपवालीला ‘इतकं नको’ म्हणते. तिला बोलता येतं. मी तिच्या गालाची रंध्रं दोनशे टक्के मोठी करून बघते, तिच्या आईने पाहिला नसेल इतक्या जवळून तिचा चेहरा मला पाठ असतो, आणि ती मला रस्त्यात भेटली तर ओळखणार नाही.

एकदा मात्र एक मॉडेल माझ्याकडे आली. नागपूरकडची, रंगाने छान गडद, उंच. साड्यांच्या एका ब्रँडचं काम होतं. तिला पोर्टफोलिओसाठी दोन फाइल्स हव्या होत्या म्हणून आली आणि उभी राहून बघता बघता शेजारची खुर्ची ओढून बसली. मी सवयीने एकेक गोष्ट काढत होते. कपाळावरची पुटकुळी काढली, ती म्हणाली, बरं केलंत. आमच्यात एक जुना नियम आहे: जे पंधरा दिवसांत आपसूक जाणार आहे ते काढायचं, जे राहणार आहे ते राहू द्यायचं. नियम छान आहे, क्लायंटला मान्य नाही, एवढंच. मी डाव्या दंडाकडे आले आणि ब्रश फिरवला. ‘हे काय केलंत, ताई?’

ती लसीची खूण होती. बीसीजीची. तुमच्या-माझ्या दंडावर असते ती. मी तिला सांगितलं की ही आम्ही सगळ्यांचीच काढतो, ब्रीफमध्ये लिहिलेलंच असतं. ती हसली. ‘म्हणजे तुमच्या फोटोंतल्या एकाही बाईला लहानपणी लस दिलेली नाही?’ मग तिने मनगटावरचा कुकरच्या वाफेचा डाग ठेवायला सांगितला, कोपराचा काळेपणा काढायला सांगितला आणि पोटाची वळी जरा विचार करून ठेवली. तिच्या निवडीत काही तत्त्व नव्हतं. तिला वाटलं ते तिने सांगितलं.

ब्रीफमध्ये आणखी एक ओळ होती: ‘स्किन टोन दोन स्टेप वर.’ ती ओळ तिने वाचली आणि काही बोलली नाही.

या ‘दोन स्टेप’बद्दल तांत्रिक बोलते, कारण नैतिक बोललं की सगळे माना डोलावतात आणि कामाला लागतात. गडद त्वचेचा घाट दिसतो तो तिच्यावरच्या चमकेमुळे. गालाचं हाड, गळ्याची रेघ, खांद्याचा गोल, सगळं चमकेच्या कडांनी रेखलेलं असतं. तुम्ही कर्व्ह वर उचलला की मधल्या छटा चमकेजवळ सरकतात, फरक कमी होतो आणि चेहरा चपटा होतो. त्यावर राखेसारखी एक झाक येते. मग ती लपवायला लाली घाला, गालाखाली सावली रंगवा. असं करत करत शेवटी तिसरीच बाई तयार होते. आणि बहुतेक वेळा हे उचलणं सुरू होतं ते ‘फोटो जरा अंधारा आलाय’ या सबबीवर. अंधारा येतो, कारण लाइट गोऱ्या मॉडेलसाठी लावलेला असतो आणि तोच ठेवलेला असतो. बाजूने एक मोठा मऊ लाइट दिला असता तर हीच मुलगी तांब्याच्या घंगाळासारखी झळकली असती. ज्याला ते जमत नाही तो म्हणतो, पोस्टमध्ये बघू.

मी त्या ब्रँडला रंग न उचललेल्या फाइल्स पाठवल्या, सोबत वरचंच कारण लिहून. उत्तर आलं की कारण समजलं, पण आवृत्ती हवी ती हवीच. मी नाही म्हटलं. काम दुसरीकडे गेलं. पुढच्या महिन्यात हायवेवर होर्डिंग लागलं. साडीचा रंग अचूक होता, तेवढं मान्य करायला हवं.

कायद्याने काही होतं का? फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७पासून मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलेल्या जाहिरातीवर ‘रिटच केलेला फोटो’ असं छापावं लागतं. नाही छापलं तर दंड ३७,५०० युरोंपर्यंत जातो. पण तो नियम देहाच्या आकाराचा. कातडीचा रंग त्यात येत नाही. नॉर्वेने २०२२पासून लागू केलेल्या नियमात त्वचाही धरली, हे शहाणपणाचं झालं. तरी शिक्का लागतो तो बघणाऱ्यासाठी. जिचा फोटो आहे तिला विचारलं होतं का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

अलीकडे माझ्याकडे अशा फाइल्स यायला लागल्या आहेत ज्यांच्या शूटवर कोणीच नव्हतं. साडी खरी, बाई यंत्राने बनवलेली. ऑगस्ट २०२५च्या अमेरिकन ‘व्होग’मध्ये ‘गेस’ची अशी जाहिरात आल्यावर इकडच्यांचाही धीर चेपला. ब्रीफ मात्र उलटं असतं: त्वचा फार गुळगुळीत आहे, रंध्रं घाला, एखाददुसरा तीळ टाका. गेल्या महिन्यात एकाने लिहिलं, ‘दंडावर लसीची खूण टाकता येईल का? खरी वाटेल.’

नमुन्यासाठी माझ्याच दंडाचा फोटो काढायला मी खिडकीपाशी बसले. ती खूण म्हणजे कातडीत पडलेली चुणी. उजेड बाजूने आला तरच तिची कड दिसते, समोरून आला तर नुसता डाग. म्हणून आधी यंत्राच्या बाईवर उजेड कुठून येतोय ते बघायला गेले. नाकाची सावली डावीकडे पडली होती, गळ्याची उजवीकडे, आणि पदराची कुठेच नव्हती.