लेखी दिलं होतं

मॅडम, तुमचं नाव इथं लिहिता येत नाही. कायदा तसा आहे आणि तो असायलाच हवा. पण गेलेल्या लेकीसाठी रडायचं तर गावाकडच्या बाया तिचं नाव घेऊन घेऊन रडतात. ती सोय इथं नाही. म्हणून सरकारी दवाखान्यात जे म्हणतात तेच म्हणते. आईच्या वयाच्या बायाही केसपेपर पुढं करताना तुम्हाला मॅडमच म्हणत असणार.

23 ऑक्टोबर 2025. भाऊबीज होती. त्या रात्री फलटणच्या एका हॉटेलच्या खोलीत तुम्ही मृतावस्थेत सापडलात. उपजिल्हा रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकारी, बीड जिल्ह्यातून आलेल्या, तिशीही न गाठलेल्या. डाव्या तळहातावर पेनानं लिहिलेलं होतं: एका पोलीस उपनिरीक्षकानं बलात्कार केला, दुसऱ्या एका माणसानं महिनोन्‌महिने मानसिक छळ केला. दोघांना अटक झाली, उपनिरीक्षक निलंबित झाला. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवेल. तो तळहात साऱ्या महाराष्ट्रानं मोबाइलवर मोठा करकरून पाहिला. माझ्या डोळ्यांपुढून मात्र त्याआधीचे कागद हलत नाहीत.

कारण तुम्ही आधी कागदावरच लिहिलं होतं. जूनमध्ये पोलीस उपअधीक्षकांना लेखी तक्रार दिली होती, की पोलिसांकडून दबाव येतो, आरोपी फिट नसला तरी फिट म्हणून लिहून द्या म्हणतात. त्या तक्रारीचं पुढं काय झालं, हे विचारायला माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. उलट तुमच्याबद्दलच तक्रार झाली, चौकशी लागली, तर तिथंही सविस्तर लेखी खुलासा दिला होता. जावक क्रमांक, दिनांक, सही, शिक्का. शिकलेल्या मुलीनं जे करावं असं आपण सांगत आलो, ते सगळं तुम्ही केलं होतं.

त्या फिटनेसच्या कागदाची किंमत बाहेरच्याला कळत नाही. रात्री दीडला पोलीस एखाद्याला घेऊन येतात. कोठडीत टाकण्याआधी डॉक्टरनं त्याला तपासायचं: अंगावर वळ आहेत का, बीपी किती, शुद्धीवर आहे का. बाहेर जीप चालू ठेवलेली असते, हवालदाराला घाई असते. फिट लिहिलं की तो आत जातो. नाही लिहिलं की त्याला भरती करावं लागतं, बंदोबस्त द्यावा लागतो, वर उत्तर द्यावं लागतं. कोठडीतल्या माणसाच्या आणि पट्ट्याच्या मध्ये त्या वेळी एका डॉक्टरच्या सहीशिवाय दुसरं काही नसतं. ती सही तुम्ही स्वस्तात द्यायला तयार नव्हता, एवढं तुमच्या तक्रारीवरून कळतं.

आणि याच खुर्चीपुढं बलात्कार झालेली बाई येऊन उभी राहते. तिला काय विचारायचं, काय विचारायचं नाही, हे वैद्यकीय अधिकाऱ्याला पाठ असावं लागतं. आधी संमती, तिच्या भाषेत समजावून घेतलेली. अंगावरच्या ओळखीच्या दोन खुणा लिहायच्या. तिला मोठ्या कागदावर उभं करून कपडे उतरवायला सांगायचं, म्हणजे माती, गवताची काडी, केस, जे काही झडेल ते त्या कागदात राहतं. नखांखालचा मळ. कापसाच्या काडीवर घेतलेले नमुने सावलीत वाळवायचे, पाकिटात घालायचे, लाखेचं सील लावायचं. केंद्र सरकारच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पोलीस तक्रार झालेली नसली तरी तिला तपासणी आणि उपचार नाकारता येत नाहीत. दोन बोटांची ती किळसवाणी चाचणी सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये चुकीची ठरवली, 2022 मध्ये ती करणं म्हणजे गैरवर्तन असं बजावलं. हे सगळं झाल्यावर सीलबंद पाकीट कुणाच्या हातात द्यायचं? पोलिसाच्या. सही घेऊन.

सगळी साखळी या एका भरवशावर ओवलेली आहे, की पाकीट घेणारा हात आपल्या बाजूचा आहे.

हा भरवसा महाराष्ट्रात पहिल्यांदा तुटलाय असंही नाही. 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद होती. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केलेला दिसत नाही, असा तर्क. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या बाईवर पोलिसानं केलेला बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा झाला. त्या मुलीला मात्र त्यातून काहीच मिळालं नाही. पण ते पत्र वाचलं गेलं होतं, मॅडम. चार सह्यांचं पत्र वाचलं जातं, एका सहीचं फायलीत पडून राहतं, असं काही असतं का?

डॉक्टरची राखण कशी होते, तेही सांगते. तिकडं काँगोमध्ये, बुकावूच्या पांझी रुग्णालयात, डॉक्टर डेनिस मुक्वेगे यांनी युद्धात ओरबाडल्या गेलेल्या बायांवर शस्त्रक्रिया केल्या. 2012 मध्ये बंदूकवाले त्यांच्या घरात शिरले, त्यांच्या माणसाला मारलं. ते कुटुंबासह देश सोडून गेले. तेव्हा ज्यांचं हातावर पोट अशा बायांनी अननस, कांदे विकून त्यांच्या परतीच्या तिकिटाला पैसे जमवले. तुमच्या राखणीला आम्ही आळीपाळीनं बसू, म्हणाल्या. 2013 मध्ये ते परत आले, 2018 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तिथं युद्ध आहे हे सगळ्यांना दिसतं, म्हणून राखण करावी हे सुचतं. फलटणला श्रीरामाचा रथ आहे, राजवाडा आहे, आषाढात माउलींच्या पालखीचा मुक्काम आहे. इथं डॉक्टरची राखण करायची असते हे कुणाच्या डोक्यात येणार?

तुम्ही गेल्यावर तर काय विचारता. मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या, डॉक्टरांनी काम थांबवलं. आणि त्याच आठवड्यात तुमचे फोन, तुमचे मेसेज, कुणाशी किती बोलत होता, याची चर्चा जबाबदार खुर्च्यांवरून, माइकपुढं झाली. जिवंतपणी दिलेला अर्ज उघडायला महिने पुरले नाहीत. मेल्यावर तुमचा फोन उघडायला काही दिवसच पुरले!  

1 नोव्हेंबरला उसाचा गाळप हंगाम सुरू झाला. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, फडाशेजारी पालं पडली. दरसाल तुमच्याच जिल्ह्यातल्या बाया कोयता खाली ठेवून फलटण भागातल्या दवाखान्यांत येतात, कुणी दिवस भरलेली, कुणी अंगावरून जातंय म्हणून, कुणी काहीच न सांगता नुसती बसून राहणारी. त्यातल्या एखादीला तुमच्या बोलण्यातला गावाकडचा हेल ओळखू आला असता, आणि मुकादमाला न सांगितलेलं तिनं तुम्हाला सांगितलं असतं. आता ती दुसऱ्या कुणापुढं बसेल. तिला मी काय सांगू, मॅडम? लेखी दे म्हणू?