भरतीच्या पाण्यावरची भातशेती

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने नद्या, खाड्या आणि कालवे जोडून एक आतला जलमार्ग केलेला आहे. शिडाच्या होडीने दक्षिण कॅरोलिनातील वाकामॉ नदीतून खाली आलात की जॉर्जटाउन लागते. वाटेतले कायमचे पूल पाण्यापासून साधारण 65 फूट उंच, तेव्हा डोलकाठी त्याहून ठेंगणी हवी.

गाव 1729 चे. जुन्या बाजाराच्या इमारतीत घड्याळाचा मनोरा आणि भाताचे संग्रहालय आहे. पण तुम्ही शेतकरी, नदीकाठ पाहा. गवत माजलेले बांध दिसतील, ती जुनी खाचरे. भरती नदीला मागे रेटी, तेव्हा चढलेले गोडे पाणी लाकडी उघाडीतून आत घेत आणि ओहोटीला सोडून देत. आपल्या कोकणातल्या खारबंधाऱ्याची उघाडी भरतीला मिटते, ही उघडायची! खारे पाणी शिरले तर मात्र पीक गेले.

1840 च्या सुमारास अमेरिकेचे जवळजवळ निम्मे भात या टापूत पिके. दलदल तोडून बांध घातले ते गुलामांनी. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या अनेकांना भातशेती घरचीच ठाऊक होती. चिखल, साप, हिवताप त्यांच्या वाट्याला आणि वाडे मालकांचे. 1865 साली गुलामगिरी संपली, पुढे वादळांनी बांध फोडले, विसाव्या शतकाच्या आरंभी भात थांबले. आता त्या खाचरांत रानबदके उतरतात. काही उघाड्या त्यांच्यासाठीच अजून चालवतात.