हात दाखवा, मग व्यवहार करा

पोस्ट लांब आहे. सुरुवात पोळ्याच्या जुगारापासून आहे, मधात गोव्याचं जहाज आहे आणि शेवट आपल्या बाजारात आहे. अर्धी वाचून कमेंट टाकू नका, एवढीच विनंती.

पोळा झाला की दरवर्षी पेपरात तीच बातमी येते. अमुक शिवारात धाड, बावन ताशपत्ते जप्त, रोख एवढी, मोबाईल एवढे, मोटारसायकली एवढ्या. आपण वाचतो, कोण कोण सापडलं ते एकमेकाला विचारतो आणि पान उलटतो. दुसरीकडं गावचे पोट्टे आता नुसते शिवारातल्या झाडाखाली बसत नाहीत. सोयाबीनचा चुकारा हाती आला की चार-पाच जण मिळून गाडी करतात, गोव्याला जातात आणि जहाजावरचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही, कारण तिथला जुगार लायसनवाला आहे.

मागच्या हिवाळ्यात नात्यातल्या लग्नाच्या निमित्तानं मीही पणजीला होतो. सोबतच्या मंडळींनी एका रात्री कॅसिनो पाहायचं ठरवलं. मी पत्ते खेळतो ते घरी, मेंढीकोट नाहीतर बिनपैशाची रमी. पण पाहायला काय हरकत, म्हणून गेलो. मांडवी नदीत जहाज उभं, धक्क्यावरून छोट्या बोटीनं तिथवर नेतात. आत गेल्यावर लाईट, गाणी, जेवण हे सगळे सांगतात तसंच आहे. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलं. तिथं पत्त्याला हात कोणी, कधी आणि कसा लावायचा याचे जे नियम आहेत, ते मी दोन तास उभं राहून पाहत होतो.

ब्लॅकजॅक म्हणजे आपला एकवीसचा डाव. सोबतच्या एकानं सवयीनं पानं उचलायला हात पुढं केला. वाटणारी पोरगी मराठीच निघाली, सांगलीकडची. ती हसून म्हणाली, "काका, पत्त्याला हात नाही लावायचा." पानं उघडी टेबलावर पडतात, ती तिथंच राहतात. अजून पान पाहिजे असेल तर बोटानं टेबलावर टिचकी द्यायची, नको असेल तर तळहात आडवा हलवायचा. हा तोंडानं "दे, दे" म्हणत होता, तरी ती पान देईना. मी विचारलं, काहून बाई, ऐकू नाही येत काय? ती म्हणाली, "मला येतं काका, वरच्या कॅमेऱ्याला नाही येत. उद्या तुम्ही म्हणाल मी मागितलंच नव्हतं, तर दाखवायला काय आहे?"

मला ते एकदम पटलं. भांडण झाल्यावर कोण खरं बोलते हे शोधण्यापेक्षा, भांडणाला जागाच राहू नये अशी रीत आधी पाडून ठेवायची.

मग एकेक गोष्ट दिसत गेली. तीन पत्तीसारख्या डावात पानं हातात घेता येतात, पण टेबलाच्या कडेखाली न्यायची नाहीत आणि शेजाऱ्याला दाखवायची नाहीत. जिथं पानं पालथी वाटतात अशा ब्लॅकजॅकमध्ये तर एकाच हातानं धरायची असतात. दोन हात आले की पान बदलायला, दुमडायला, नखानं खूण करायला सोपं जाते. एकदा पैसे लावले आणि वाटप सुरू झालं की आपल्याच टोकनला आपल्यालाच हात लावता येत नाही. जिंकतो दिसलं की हळूच एक टोकन वाढवायचं आणि हरतो दिसलं की एक मागं ओढायचं, ही जगभरची जुनी चोरी आहे.

पैसे वाटणाऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. ती नोटा पसरवून मोजणार, मग फटीतून खालच्या बंद पेटीत ढकलणार. तिची पाळी संपली की टेबल सोडताना दोन्ही तळहात उघडे करून, उलटेसुलटे करून दाखवणार. हात रिकामे आहेत, हे वर बसलेल्याला दिसलं पाहिजे. म्हणजे पाहुण्यावर संशय आहे तसाच नोकरावरही आहे.

पत्त्यांचंही तसंच. नवी गड्डी फोडली की सगळी पानं टेबलावर पसरून दाखवतात, एखादं कमी-जास्त तर नाही. मग पालथी घालून दोन्ही हातांनी कालवतात, नंतर पिसतात. कापायला खेळणाऱ्याच्या हाती प्लॅस्टिकचं एक कोरं पान देतात. तेच पान गड्डीच्या बुडाशी राहते, म्हणजे खालचं पान कोणाला दिसत नाही. पहिलं पान न दाखवता बाजूला टाकतात. वापरून झालेल्या गड्डीला भोक पाडतात नाहीतर कोपरा कापतात, म्हणजे तेच पान कोणी बाहीतून परत टेबलावर आणू नये. समुद्रात फिरणाऱ्या मोठ्या क्रूझवरचे कॅसिनो असतात, तिथंही थोड्याफार फरकानं हेच नियम. ते जहाज बंदरात असेपर्यंत सहसा बंद असतात आणि किनारा लांब गेला की उघडतात.

आता कोणी म्हणेल, भाऊ, एवढं चोख काम आहे तर मग वाईट काय? थांबा. नियम चोख आहेत म्हणून तुम्ही जिंकता असं नाही. अंदर-बाहर घ्या, तो तर आपल्या पोट्ट्यांना पाठ आहे. ज्या बाजूला पहिलं पान पडते ती बाजू शंभरात साधारण साडेएक्कावन्न वेळा जिंकते. म्हणून त्या बाजूला रुपयाला नव्वदच पैसे देतात. शंभर रुपयाचे शंभर डाव त्या बाजूला लावले तर सरासरी ४,६३५ रुपये जिंकाल आणि ४,८५० हराल, म्हणजे २१५ रुपये गेले. दुसऱ्या बाजूला रुपयाला रुपया देतात, पण ती जिंकतेच कमी, तिथं ३०० जातात. कोणी फसवलं नाही, कोणी पान लपवलं नाही, तरी गेले. एका रात्री एखादा जिंकून येतो, त्याचाच फोटो ग्रुपवर येतो. हरलेल्याचा फोटो कोण टाकते?

म्हणजे मालकाला लबाडी करायची गरजच नाही. गणित त्याच्या बाजूनं आहे. त्याला भीती एकाच गोष्टीची, मधात कोणी हातचलाखी करून ते गणित बिघडवू नये. म्हणून एवढे कॅमेरे आणि एवढे उघडे तळहात. नियम त्याच्या पैशाच्या राखणीसाठी आहेत, आपल्या नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामात येईल.

कायद्याचंही थोडं सांगतो. गोव्यात १९७६ चा जुगाराचा कायदा आहे. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलात यंत्रावरच्या खेळांना वाट करून दिली आणि १९९६ मध्ये जहाजावर टेबलाच्या खेळांना. म्हणून पत्त्याचं टेबल जहाजावर. जहाज कुठं जात नाही, नदीत नांगर टाकून उभं असते, पण कायद्याच्या हिशेबानं जहाज ते जहाज. आणि गंमत पाहा, १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या माणसाला तिथं खेळायला बंदी आहे. आपल्या घरचं पोट्टं बिघडू नये म्हणून त्यांनी दार लावलं, पाहुण्यासाठी उघडं ठेवलं. तो पाहुणा आपण. वर्ध्याचा, अमरावतीचा, नागपूरचा.

आपल्या महाराष्ट्रातही १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये सरकारनं तो रद्द करायचं ठरवलं. ते बरंच झालं असं माझं मत आहे. आपल्याकडं चालतो तो १८८७ चा जुगारबंदी कायदा, ज्याच्यात पोळ्याच्या धाडी पडतात. रमीची गोष्ट थोडी वेगळी. सुप्रीम कोर्टानं १९६८ मध्ये सांगितलं की रमीत कोणती पानं पडली हे ध्यानात ठेवावं लागते, कोणतं धरायचं कोणतं सोडायचं याचं कसब लागते, ती तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही. या एका गोष्टीचा आधार घेऊन मोबाईलवाल्या कंपन्यांनी कित्येक वर्षं दुकान चालवलं. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली, कसबाचा असो का नशिबाचा.

शिवारातल्या फडावर नियम काय असते तेही आपल्याला माहीत आहे. जागेवाला प्रत्येक डावातून नाल काढते. पत्ते त्याचे, पिसणारा त्याचा, उधार देणाराही त्याचाच माणूस. भांडण झालं तर ज्याचे पोट्टे जास्त त्याचं खरं. आणि मोबाईलवर तर हात दिसतच नाही. पानं कोण पिसते, समोर माणूस आहे का यंत्र, काही कळत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका घरी संत्र्याच्या इसाराचे पैसे असे रात्रीतून मोबाईलमध्ये गेले. बापाला कळलं ते फवारणीच्या औषधाला पैसे काढायला गेला तेव्हा. पोट्टं हुशार आहे, कष्टाळू आहे. त्याच्या डोक्यात एवढंच होतं की आज गेलं ते उद्या निघते.

आता मुद्द्यावर येतो.

जहाजावर ते उघडे तळहात पाहताना मला रुमाल आठवला. तीसेक वर्षांपूर्वी वडलांसोबत संत्री घेऊन एका मोठ्या शहराच्या बाजारात गेलो होतो. दलाल आला, व्यापारी आला, दोघांनी हातावर रुमाल टाकला आणि रुमालाखाली एकमेकाची बोटं दाबली. झाला सौदा. माल आमचा, बहार आमचा, वर्षभर ओलीत आम्ही केलं आणि भाव आम्हालाच दिसला नाही. नंतर हिशेबपट्टीवर जो आकडा लिहून आला तोच भाव. रुमालाखाली खरंच किती बोटं दाबली होती, ते त्या दोघांनाच माहीत.

उघडा लिलाव व्हावा म्हणून कायदे झाले, बाजार समित्या झाल्या, रुमाल पुष्कळसा गेला. पण रुमालाखालची सवय गेली का? मागच्या हंगामात एका व्यापाऱ्यानं माझ्या सोयाबीनमध्ये ओल आहे म्हणून पोत्यामागं कडता धरला. ओल मोजायचं यंत्र कुठं आहे विचारलं तर म्हणे, हातानं कळते भाऊ. त्याच्या हाताला कळलं, माझ्या हाताला नाही. काट्याचा आकडा वाचेपर्यंत पोतं काट्यावरून उतरलं होतं. मी वाद घातला, अर्धा कडता कमी झाला. वाद घालून अर्धा कमी होते, याचा अर्थ तो मुळात कोणत्या हिशेबानं लावला होता?

जुगाराच्या टेबलावर, जिथं माणूस मजेसाठी पैसे उधळायला जातो, तिथं नोट हातातून हातात जात नाही. आणि जिथं घरचं वर्षाचं पीक विकलं जाते, तिथं "हातानं कळते" चालते. पटते का हे तुम्हाला?

याचं कारण वर सांगितलंच आहे. नियम तोच बसवतो ज्याचं लबाडीनं नुकसान होते आणि ज्याच्या अंगात बसवायची ताकद असते. जहाजावर नुकसान मालकाचं होणार, ताकदही मालकाचीच, म्हणून नियम आहेत. बाजारात नुकसान आपलं होणार आणि आपण पोतं उतरवून झाडाखाली चहा पीत बसतो. व्यापारी आपल्यासाठी आपणहून तळहात उघडे करणार नाही, त्याला काय पडलं आहे! सगळे व्यापारी लबाड आहेत असं मी म्हणत नाही. कित्येक चोख आहेत. चोख माणसाला हात दाखवायला सांगितलं तर त्याला रागही येत नाही. ती सांगलीची पोरगी दर पाळीला हात दाखवत होती, तिला कुठं अपमान वाटला?

म्हणून या हंगामात तीन गोष्टी आपण मागायच्या, भांडण न करता पण सगळ्यांनी मिळून:

१. बोली मोठ्यानं लागली पाहिजे आणि माल ज्याचा आहे त्याच्या समोर. कोपऱ्यात ठरलेला भाव आपण घ्यायचा नाही.

२. ओल यंत्रावर मोजली पाहिजे, हातावर नाही. काट्याचा आकडा आपण वाचून, मोबाईलवर फोटो काढल्याशिवाय पोतं खाली उतरू द्यायचं नाही.

३. पट्टीवर भाव, वजन, कडता, हमाली सगळं वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे आणि चुकारा त्याच दिवशी. कोऱ्या चिठ्ठीवरचा एकच आकडा म्हणजे पावती नव्हे.

एकट्यानं मागितलं तर "तुमचा माल बाजूला ठेवा" असं उत्तर येईल. दहा गाड्या एकदम उभ्या राहिल्या तर येणार नाही. तळेगाव, आष्टी, आर्वीकडच्या ज्या मंडळींचा माल एकाच दिवशी निघतो, त्यांनी आधी बोलून घ्यावं. ग्रामसभेत हा विषय मी लेखी देणार आहे. बाजार समितीच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांनाही हेच तीन प्रश्न विचारा, जात-पात आणि पक्ष नंतर.

आणि गोव्याला जाणाऱ्या पोट्ट्यांना एवढंच सांगतो: जा, समुद्र पाहा, मासे खा. जहाजावर गेलाच तर खिशातले पैसे खोलीवर ठेवून जा आणि ते लोक आपल्या पैशाची राखण कशी करतात ते नीट पाहून या. तेवढं शिकून आला तर तिकिटाचे पैसे वसूल.

ज्यांना हंगामात सोबत माल न्यायचा आहे त्यांनी खाली नाव, गाव आणि अंदाजे किती पोते ते लिहा. यादी मी करतो.