नोंदवहीतले नाव

पांढुर्णा आणि सौसर या आमच्या भागातील माणसाला नोंदवही आणि घर यांतील अंतर कोणी समजावून सांगावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांतरचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. शाळेचा दाखला हिंदीत, कचेरीतला अर्ज हिंदीत. पण चुलीपाशी, शेताच्या बांधावर आणि देवाशी बोलताना भाषा मराठीच. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी हे अंतर तसेच आहे. कागदाने काहीही म्हटले तरी आपण कोण हे आपल्याला ठाऊक असते, अशा समजुतीवरच आमच्या पिढ्या वाढल्या.

हे आठवण्याचे कारण माझ्या थोरल्या बहिणीचे अपत्य. आमची ख्रिस्ती घरे या भागात मोजकीच. त्यामुळे एका घरातील गोष्ट सर्वांची होते. या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा नोंदवहीत ‘मुलगा’ असे लिहिले गेले. रविवारच्या शाळेत वचने पाठ म्हणण्यात त्याचा हात कोणी धरीत नसे. पुढे शिक्षण आणि नोकरी पुण्यास झाली. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दूरध्वनीवर तोच ओळखीचा स्वर म्हणाला, “मावशी, नाताळला मी येते.” इतर काही भाषांत ‘मी येत आहे’ म्हणताना स्त्री-पुरुष भेद लपून राहतो, मराठीत तो क्रियापदातच बोलतो. त्या एका ‘येते’मध्ये तिने आपले सारे सांगून टाकले होते. तेव्हापासून मी तिला भाचीच म्हणते. तिचे नाव मात्र येथे लिहीत नाही.

तिची मागणी मोठी नव्हती. जिल्हाधिकाऱ्यांकडून तिला ओळखपत्र मिळाले होते. मंडळीच्या नोंदवहीत नव्या नावाची एक ओळ लिहिली जावी आणि प्रभुभोजनाला स्त्रियांच्या बाजूस बसता यावे, एवढेच तिचे म्हणणे. आमच्या पाळकांनी नकार दिला. ते कठोर मनाचे गृहस्थ नव्हेत. देवाने नर व नारी अशी माणसे निर्माण केली, हे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील वचन त्यांनी पुढे ठेवले. पुरुषाने स्त्रीचा वेष घेऊ नये, ही अनुवादातील आज्ञाही दाखवली. ही वचने पवित्र शास्त्रात आहेत. ती नाहीत असे म्हणून वाद जिंकता येत नाही, आणि मला वाद जिंकायचाही नव्हता.

परंतु त्याच शास्त्रात आणखीही काही आहे. त्या हिवाळ्यात मी ते शोधून वाचले. नियमशास्त्राने ज्यांना मंडळीबाहेर ठेवले, त्या षंढांना यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या मंदिरात पुत्रकन्यांहून उत्तम असे नाव देऊ करतो. लक्षात घ्यावे, तो नावच देतो. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रभू जन्मतः वेगळ्या असलेल्या माणसांचा उल्लेख करतो, आणि त्यात तिरस्काराचा शब्द नाही. प्रेषितांच्या कृत्यांत गाझाच्या वाटेवर कूशी राणीचा अधिकारी रथात बसून यशयाच वाचतो आहे. तो षंढ होता. पाणी दिसताच त्याने विचारले की मला बाप्तिस्मा घेण्यास काय अडचण आहे, आणि फिलिप्प त्याच्यासह पाण्यात उतरला. हा जुन्या काळचा राजसेवक आणि माझी भाची एकच, असे मी म्हणत नाही. पण ज्या शब्दाची आपल्या गल्लीत शिवी होते, त्या माणसाला पहिल्या मंडळीने दाराबाहेर ठेवले नाही, एवढे निश्चित.

दुसरी गोष्ट आपल्याच इतिहासातील. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आणि दोन्ही घरांवर आकाश कोसळले. पती-पत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. आपल्या किती पणजोबांच्या नावाने घरच्यांनी जिवंतपणी स्नान केले असेल! अंतःकरणाची साक्ष पाळली म्हणून ज्यांना घर तुटले, त्यांची आपण लेकरे. त्याच कारणासाठी आपण आपल्या लेकराला तोडावे, हे मला पटत नाही.

जगही स्वस्थ बसलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना आपली ओळख स्वतः सांगण्याचा अधिकार मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी, १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांपुरते रद्द झाले. समलिंगी विवाहास मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने मान्यता दिली नाही. ज्या स्वीडनमधून लुथरन मिशनरी छिंदवाड्यास आले, तेथील चर्चने २००९ पासून असे विवाह लावण्यास आरंभ केला. आपल्याकडील मंडळ्या तितक्या दूर गेलेल्या नाहीत. मात्र आमच्याच जवळच्या नागपुरात कार्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या संस्थेने लैंगिकतेच्या प्रश्नावर मंडळ्यांमध्ये संवाद घडवून आणला आहे. आणि आमच्या मध्य प्रदेशाने तर शबनम मौसीला सोहागपूरमधून विधानसभेत पाठविले. मतदारांना जे जमले ते भाविकांना का जमू नये?

आजूबाजूच्या घरी बाळ जन्मले की टाळी वाजवीत येणाऱ्यांना नारळ, तांदूळ, पैसे मिळतात. पण तो मान उंबरठ्याबाहेरचा. आशीर्वाद हवा, सहवास नको! आपण ख्रिस्ती लोक त्याला अंधश्रद्धा म्हणतो आणि दारच लावून घेतो. दोन्ही ठिकाणी माणूस बाहेरच राहतो.

नोंदवहीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. जुनी नोंद खोडावी असे भाचीही म्हणत नाही. त्या दिवशी आईवडिलांनी जे केले ते खरेच होते. समासात एक ओळ एवढीच तिची विनंती आहे आणि मंडळीच्या पंचांपुढे ती मी लेखी ठेवली आहे. माझ्या बहिणीने मात्र कोणाच्या निर्णयाची वाट पाहिली नाही. पहिले काही महिने तिच्या जिभेला क्रियापद सापडत नसे. मग तिने ‘बाळ’ हा शब्द धरला. “बाळ जेवलं का? बाळ पोचलं का?” आपल्या भाषेत तीन लिंगे आहेत याचा असा उपयोग व्याकरणाच्या तासाला मी कधी शिकवला नव्हता. हल्ली तीही सहज ‘जेवलीस का’ असे विचारते.

ज्या घरांत असे एखादे लेकरू आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे. धर्मशास्त्राचा उलगडा विद्वानांना सावकाश करू द्यावा. पण जेवणाचे ताट त्यासाठी थांबवू नये, आणि लेकराने सांगितलेल्या नावाने त्याला हाक मारावी. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे आपला प्रभू सांगून गेला आहे. मेंढरे मोजणारी वही त्याने कधी मागितली नाही.