उसाच्या फडात रुतलेले रणगाडे

गेल्या हिवाळ्यात चारकोपहून आम्ही एस.टी.ने नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेलो. सोबत शेजारचे निवृत्त सुभेदार होते. तेथील रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. देशोदेशीचे जुने रणगाडे आवारात ओळीने मांडले आहेत.

सुभेदार पॅटनपाशी थांबले. सहलीला आलेली शाळेची मुले भोवती जमली, तसे ते बोलू लागले.

"पोरांनो, सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर गाव. पाकिस्तानचे असले अमेरिकी पॅटन चालून आले. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडले. पॅटन चिखलात रुतले आणि उभ्या उसात दडलेल्या आपल्या रणगाड्यांनी ते टिपले. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडले, तिथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले."

एका मुलाने विचारले, "आजोबा, मग त्या उसाचं काय झालं?"

सुभेदार क्षणभर गप्प झाले. "गेला, बाळा. लढाईत पीक कुठलं राहतंय? मीही कुणब्याचाच पोर आहे."

वाचकहो, नगरला गेलात तर मुलांना हे रणगाडे जरूर दाखवा. आणि त्या उसाची गोष्टही सांगा.