लाल कंदील आणि एक वावडे

उपवासाने पुण्य लाभते म्हणतात. मला वावडे लाभले. काही वर्षांपूर्वी नवरात्रात दिल्लीला कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि अर्ध्या तासात घसा आवळून आला. आपल्याकडे उपासाला वरी-राजगिरा, त्यामुळे पुण्यात मी हे वावडे विसरूनही गेलो होतो. त्याची आठवण झाली ती थेट टोकियोत. कारण हेच कुट्टू तिथे 'सोबा' या नावाने घरोघर नांदते.

निशी-कासाईत राहणाऱ्या पुतण्याने मला इझाकाया दाखवायचे ठरवले. इझाकाया म्हणजे दारी लाल कागदी कंदील टांगलेला गुत्ता. पण आपल्या डोळ्यांपुढे येतो तसला नव्हे. कचेरी सुटल्यावर मंडळी इथे पितात, चार बशा वाटून खातात आणि मनमुराद बोलतात.

पुतण्याने जपानीत चिठ्ठी लिहून दिली होती: 'मला सोब्याचे वावडे आहे. श्वास अडकतो. सोबा उकडलेले पाणीही चालत नाही.' शेवटचे वाक्य महत्त्वाचे. कारण गव्हाचे उदोन आणि सोबा पुष्कळदा एकाच पाण्यात शिजतात. उलट 'याकिसोबा' हा नावाचाच सोबा, बहुधा गव्हाचा! बंद पाकिटावर सोब्याचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे. वाढलेल्या बशीला तो कायदा नाही. आम्ही मास्तर लोक चहाबाज, पण चहाही सोब्याचा असू शकतो हे कळल्यावर मी मुकाट्याने पाणी मागू लागलो.

पहिल्या दुकानात मालकाने चिठ्ठी दोनदा वाचली, आत जाऊन आला आणि छातीपुढे हातांची फुली केली. मग कमरेत वाकून क्षमा मागत आम्हांला दारापर्यंत पोचवले. मी पुणेरी, मनातून चिडलोच.

"काका, त्याच्याकडे उकडायचे भांडे एकच आहे," पुतण्या हळूच म्हणाला.

दुसऱ्या दुकानात जागा मिळाली. बसताच न मागता एक वाटी पुढे आली. हिला 'ओतोशी' म्हणतात. मागितली नसली तरी बिलात लागते. मी काड्या उचलल्या तोच आतून बाई धावत आली आणि वाटी उचलून घेऊन गेली. टोफूवर सोब्याचे भाजलेले दाणे पेरले होते! चिठ्ठी आत पोचली होती, पण वाटी तिच्याआधी बाहेर आली होती. बदली आल्या सोयाबीनच्या उकडलेल्या हिरव्या शेंगा, नुसत्या मिठातल्या. त्या मी दोन वाट्या खाल्ल्या. हात मात्र बराच वेळ कापत होते.

रात्री जुन्या धर्तीच्या सराईत परतून आडवा झालो, तो कानाखाली उशी खसखसली. अशा उशा सोब्याच्या टरफलांनी भरतात, हे पुतण्याने जाता जाता सांगितले होते. मी ताडकन उठलो आणि चिठ्ठी घेऊन जिना उतरू लागलो.