बोक्याचा नववा जन्म

धाराशिव, रविवार रात्र.

लेकीसोबत ‘पुस इन बूट्स: द लास्ट विश’ पुन्हा पाहिला. जोएल क्रॉफर्ड यांचा २०२२चा सिनेमा. आठ जन्म हसण्यावारी उधळून बसलेला बोका, हातात एकच उरलेला. गुत्त्यात लांडगा येतो, शीळ घालतो, आणि बोक्याच्या कपाळावरून रक्ताचा एक थेंब ओघळतो. अंगावरचा केस न् केस उभा राहतो. पोरांच्या सिनेमात मरणाची भीती इतकी खरी दाखवायला धाडस लागतं.

सेकंदाला २४ चौकटी असतात. पण मारामारी आली की इथे एकच चित्र दोन-दोन चौकटी धरून ठेवतात. हालचालीला झटका येतो, प्रत्येक वार वेगळा दिसतो. रंगही कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखे. सकाळीच तेरच्या संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती पाहिल्या होत्या, त्यांचीच आठवण झाली. घडवणाऱ्याचा हात जाणवला की मला ती वस्तू जिवंत वाटते.

पण जीव अडकला तो जंगलातल्या प्रसंगात. बोका धापा टाकत झाडाला टेकतो. छोटं कुत्रं काहीच विचारत नाही, नुसतं त्याच्या पोटावर डोकं ठेवतं. हळूहळू श्वास ताळ्यावर येतो. आईच्या शेवटच्या आजारपणात मी किती बोलत राहिले!

लेकीने विचारलं, “लांडगा परत येणार?”

“येणार. पण आत्ता नाही.”

मग तिने भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट मागितली. म्हातारी लेकीकडे पोचायच्या आतच ती झोपली. डोकं माझ्या पोटावर.